नाव कमी करण्याचे कारण: विवाह

तुमच्या घरातलं माणूस हरवलं, तर रेशन कार्डावरून त्याचं नाव कमी करताना तुम्ही कारण काय लिहाल?

घाई नको, विचार करून सांगा. छापील अर्जावर चौकोन तीनच असतात. मृत्यू, विवाह, स्थलांतर. ‘हरवलं’ असा चौकोन नाही. सतरा वर्षं मी हे अर्ज भरते, पंचायतीसमोर, रसवंतीच्या शेडखाली, प्लास्टिकच्या टेबलावर. शिक्षण नववी नापास. कायदा शिकले तो परत आलेल्या अर्जांवरचे शेरे वाचून. लोक मला त्रिशलाक्का म्हणतात. साहेब लोक ‘आली ती’ म्हणतात.

पण ही गोष्ट रत्नव्वाची आहे. गाव कबनूरच्या पुढं. नाव लिहीत नाही, कारण लिहिलं की पंचायत मूळ प्रश्न बाजूला ठेवून गावाच्या बदनामीवर ठराव करेल. रत्नव्वाचं नाव मात्र लिहिते, तिच्या पोरीचंही. एका वकिलानं सांगितलं होतं, पोरीचं नाव छापू नका. मी रत्नव्वाला विचारलं. ती म्हणाली, “छाप. नाव कमी करूनच एवढं झालंय.”

पोरीचं नाव रक्षिता.

रत्नव्वा कांडीवाली. यंत्रमागावर आडवं धावणारं सूत ज्या छोट्या कांडीवर गुंडाळलेलं असतं, त्या कांड्या भरायचं तिचं काम. बारा तास उभ्यानं. नवरा रेवणसिद्ध त्याच शेडात माग चालवायचा. छातीत कापसाची भुकटी साठून गेला, तेव्हा रक्षिता चौथीत होती. मागाच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळं रत्नव्वा कुजबुजली तरी चार घरांना ऐकू जातं. रक्षिता तिला म्हणायची, “अव्वा, मी हितं चुलीपाशी हाय, बेळगावात न्हाय.” दोघींचं बोलणं ऐकून नवीन माणसाला वाटायचं भांडण पेटलंय.

घर म्हणजे पत्र्याचं खोपट. सासऱ्याच्या वाटणीतली गुंठाभर जागा, न्हाणीला जुन्या साडीचा आडोसा, दाराला सुतळी. बारावी झाल्यावर रक्षिता शिलाईच्या कामाला जायला लागली. तिचं एकच म्हणणं असायचं, घर व्हायचं तेव्हा होऊ दे, आधी आतनं लावायला कडी पाहिजे.

शेडात केरबा नावाचा जॉबर होता. माग अडला की चालू करून देणारा तो जॉबर. शेडात मालकाच्या खालोखाल त्याचाच शब्द. दोन हजार तेवीसची दिवाळी झाली आणि केरबा रत्नव्वाला म्हणाला, “सुरतेला कापडाची कंपनी हाय. पोरींना राहायला वेगळी खोली. माझी मेव्हणी तिथं देखरेखीला असती. नेसरीकडची एक पोरगी बी निघालीया, हिला सोबत हुईल.”

रत्नव्वानं आठ दिवस विचार केला. मग पाठवली. तिला कुणी मूर्ख म्हणू नये. ज्या माणसाच्या हातानं दहा वर्षं तुमच्या शेडातले माग चालू होतात, त्याच्यावर तुम्हीही विश्वास टाकला असता.

अकरा दिवस रोज फोन आला. बाराव्या दिवशी रक्षिता एवढंच बोलली, “अव्वा, हितं काम न्हाय. हितं माणसं येऊन आमास्नी बघून जायलेत.” फोन तुटला. नंतर तो नंबर लागलाच नाही.

रत्नव्वा त्याच दिवशी पोलीस ठाण्यात गेली. हवालदारानं वय विचारलं. एकोणीस, ती म्हणाली.

“मग सज्ञान हाय. सज्ञान पोरगी हरवत न्हाय मावशी, जाती.”

“कुणासंगं जाईल ओ? तिचं कायबी न्हवतं.”

“आईला कुठं म्हाईत असतंय. वर्षभरात नातू घिऊन यील. तवा आमाला पेढं द्या.”

हरवल्याची नोंद तेवढी वहीत झाली. केरबाला एकदा बोलावून विचारलं. तो म्हणाला, मी गाडीत बसवून दिली, पुढचं मला ठाऊक नाही. त्याला चहा मिळाला. रत्नव्वा तोवर बाहेर उभी होती.

आता पुढचं नीट वाचा, कारण सगळं इथंच बिघडलं.

रत्नव्वाच्या दिराच्या मुलीची सोयरीक जमत आली होती. घरातली एक पोरगी गेली हे समोरच्यांना कळलं तर दुसरीचं मोडणार. आमच्याकडं हरवलेली पोर आणि पळालेली पोर यांत कुणी फरक करत नाही. दीर येऊन म्हणाला, “वैनी, दिली म्हणून सांग. तिकडंच लगीन लावलं म्हणायचं. आली परत तर आली.” रत्नव्वानं पेढे आणले आणि गल्लीतल्या बावीस घरांत वाटले. लगीन घाईत झालं, जावई गुजरातकडचा.

पुढं कधीतरी ती मला म्हणाली, “पयल्या घरात म्हटलं, जावयाचं कापडाचं दुकान हाय. दुसऱ्या घरात म्हटलं, दोन दुकानं. लोक विचारतील तसा त्यो मोठा हुईत गेला बघ. शेवटच्या घरात मी त्याला माडी बांधून दिली.” हे सांगताना ती हसली होती. मी नाही हसले. त्या बावीस घरांत एक घर माझं होतं, आणि पेढा चांगला होता.

हवालदारानं मागितलेले पेढे असे वाटले गेले.

सव्वा वर्ष गेलं. घरकुलाच्या यादीत रत्नव्वाचा नंबर लागला. विधवा, कच्चं घर, जागा स्वतःची, सगळं बसत होतं. अडलं एकाच ठिकाणी. रेशन कार्डावर दोन नावं होती आणि मशीनवर अंगठा एकीचाच लागत होता. पंचायतीचा भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, ऋतुराज, वयानं माझ्या भाच्याएवढा. तो म्हणाला, “एक तर पोरीला आणा, न्हायतर नाव कमी करून आणा. मला मशीन विचारतंय ओ, मी कुठं विचारतोय.” मार्च संपायला नऊ दिवस होते. मार्च संपला की यादी पुढच्या माणसाकडं सरकते.

रत्नव्वा माझ्या टेबलाशी आली. खाली वाकून, तिला जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हणाली, “अक्का, त्ये लगीन झालेलं न्हाय. पोरगी हरवलीया. मी खोटं पेढं वाटलं.”

रसवंतीवाल्यानं चरक थांबवला. त्याला ऐकू गेलं होतं.

मला तेव्हाच उठायला हवं होतं. तिला घेऊन ठाण्यात जायला हवं होतं. माझी ख्याती अशी होती, की त्रिशलाक्काचा अर्ज परत येत नाही. मी छापील कागदाकडं बघितलं. मृत्यू लिहिणं शक्य नव्हतं. स्थलांतर लिहिलं तर कुठं गेली त्याचा दाखला लागणार होता. विवाहाला काही लागत नाही, आईचं स्वयंघोषणापत्र चालतं. मी म्हणाले, “रत्नव्वा, ह्यो कागद रेशनचा. हितनं तो कुठं जात न्हाय. घर तरी पदरात पडू दे.” आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘माझी मुलगी रक्षिता हिचा विवाह झाला असून ती सासरी सुखाने नांदत आहे.’ ‘सुखाने’ हा शब्द कुणी मागितला नव्हता. तो माझा.

रत्नव्वानं सही केली. नाव कमी झालं. घर मंजूर झालं.

पाया निघाला, भिंती चढल्या. शेडातून आल्यावर रत्नव्वा स्वतः विटा भिजवायची. चौकटी बसायच्या आधीच ती इचलकरंजीतून पितळी कडी घेऊन आली. गवंडी तिची टर उडवायचा, “मावशी, आधी दार तर यीऊ द्या.” रत्नव्वा म्हणायची, “दार कवाबी मिळतंय.”

भिंती चौकटीच्या वर गेल्या आणि नेसरीकडची पोरगी परत आली.

तिनं नाव छापायला परवानगी दिलेली नाही, म्हणून एवढंच. तिचा बाप रत्नव्वाकडं आला होता, रत्नव्वा शेडात, म्हणून पोरीला माझ्याकडं घेऊन आला. ती भिंतीकडं बघून बोलली, कशी सुटली तेवढं सोडून. सुरत नव्हतीच. त्याच्याही पुढं, दोन रात्री एक दिवस प्रवास. एका बाईच्या घरात चार पोरी. पुरुष येऊन बघायचे, दात बघायचे, चालायला लावायचे. पसंत पडली की अंगणात हार घालायचे आणि फोटो काढायचे. फोटो असला की पोलीस विचारत नाहीत, असं ती बाई म्हणायची. रक्षिताला दुसऱ्या आठवड्यात नेलं. फोटोच्या वेळी मागून कुणीतरी तिचा हात पिरगाळून धरला होता. रक्षिताला सोडायच्या गाडीत हिलाही बसवलं होतं, तेव्हा त्या गावाचं नाव या पोरीनं दूध डेअरीच्या पाटीवर वाचलं होतं आणि विसरू नये म्हणून रोज मनात म्हटलं होतं. ते तिनं मला लिहून दिलं.

मी रत्नव्वाला शेडातून उठवून ठाण्यात नेलं. साक्षीदार आहे, गावाचं नाव आहे, नेणाऱ्याचं नाव आहे. आता मानवी तस्करीचा गुन्हा नोंदवायला काय अडतंय, असं मी वाटेत तिला सांगत होते. साहेब नवीन होते. त्यांनी ऐकून घेतलं, शिव्या दिल्या नाहीत, फाईल मागवली. मग चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, “ही नोंद तर बंद झालीय. दप्तरी दाखल.”

“कशी काय बंद?” मी आवाज चढवला. “पोरगी सापडली का तुमाला?”

“आम्ही पंचायतीकडून माहिती मागवली. मुलगी विवाहित आहे असं उत्तर आलं. शेजाऱ्यांचे जबाब घेतले. गल्लीत पेढे वाटलेत. आणि आईचं हे पत्र.” त्यांनी कागद फिरवून माझ्यासमोर ठेवला. “हे अक्षर कुणाचं आहे?”

“माझं,” मी म्हणाले.

“मग ओरडताय कुणावर?”

मी कागद उलटा करून ठेवला.

साहेबांनी पुढचं सांगितलं, तेही शांतपणे. लग्न झालं नाही असं म्हणायचं असेल तर हे पत्र खोटं होतं असं लेखी द्यावं लागेल. खोट्या पत्राची कारवाई सही करणारीवर होईल. घरकुल याच पत्रावर मिळालंय, तेव्हा पंचायतीलाही कळवावं लागेल. विचार करा, म्हणाले.

पंचायतीत गेलो. ऋतुराज भाऊसाहेब म्हणाला, पोलिसांनी लग्न झालं म्हटलं तर झालं. मी म्हणाले, पोलीस तुझ्या कागदावर म्हणतात. तो म्हणाला, आणि मी तुमच्या. एका कागदावर दोन ऑफिसं हात टेकून बसली होती आणि कागद माझ्या हातचा होता. पोरीचा पत्ता एकालाही बघायचा नव्हता. नांदतेय का, कुठं, कोणाकडं, हे विचारायला एक फोन लागला असता. तो दोन्ही ऑफिसांतून कुणी केला नाही, मीही केला नाही.

रसवंतीच्या शेडखाली येऊन बसलो. मला वाट सुचली होती. मी म्हणाले, “रत्नव्वा, ऐक. खोटं म्हणायचंच न्हाय. लगीन झालं, पर सासरी छळ हुतोय, आईला बोलू देत न्हाईत, असं लिवतो. पोलिसांना जावं लागंल. घर बी ऱ्हाईल, पोरगी बी यील.”

अर्ज म्हणून तो चोख होता. कुठंही परत आला नसता.

रत्नव्वानं तिच्या नेहमीच्या आवाजात, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं विचारलं, “मग त्यो तिचा नवरा ठरतोय न्हवं कागदावर?”

“कागदावर ठरंल. तेवढ्यापुरतं.”

“एकदा मी पेढं वाटून त्याला नवरा केला. एकदा तू लिवून केलीस. अक्का, माझ्या पोरीचा हात पिरगाळून फोटो काढलाय. तिसऱ्यांदा मी त्याला जावई म्हणणार न्हाय.”

“घर जाईल.”

“कळतंय मला. मी काय खुळी हाय व्हय?”

जिल्ह्याला महिन्यातून एकदा तक्रारींचा दिवस असतो. सगळ्या खात्यांचे अधिकारी एकाच हॉलमध्ये, एकाच लांब टेबलाला बसतात. मी तो दिवस मुद्दाम निवडला. पोलीस आणि घरकुलवाले दोघंही एका माइकच्या टप्प्यात आले, म्हणजे तिकडं जा म्हणायला जागा राहत नाही. तरी त्यांनी म्हटलंच. पोलीस म्हणाले, माहिती पंचायतीची. घरकुलवाले म्हणाले, माहिती अर्जदाराची, आम्ही पडताळणी करत नाही, तशी तरतूद नाही. मधले साहेब दोन्हीकडं बघत होते.

मी बोलायला उठले तर रत्नव्वानं माझा पदर ओढून खाली बसवलं. ती उभी राहिली. माइक तिला लागत नाही.

“कागुद खोटा हाय,” ती म्हणाली. “सही माझी हाय. पेढं बी मीच वाटलं. पोरीचं लगीन झालेलं न्हाय, तिला इकलीया. घर काढून घ्या, मला धरा, काय करायचं त्ये करा. पर तिच्या नावापुढं विवाहित लिवलंय त्ये खोडा आणि हुडकायला माणूस पाठवा. मी वीस वर्षं कांड्या भरतो. सूत तुटलं की कुठं तुटलं त्ये बघायला वाकावं लागतंय. तुमच्यातला एक जण बी वाकला न्हाय.”

हॉलमध्ये दोनशे माणसं होती. मागं कुणाचा तरी फोन वाजत राहिला. मधले साहेब म्हणाले, “बाई, हे लेखी द्या.”

मी तिथंच पायरीवर बसून लिहून दिलं. शेवटी माझंही नाव घातलं, ‘मजकूर लिहिणार’ म्हणून. सोपं अक्षर काढलं.

गुन्हा नोंदला गेला. केरबा तोवर गाव सोडून गेला होता. हॉलमधला आवाज शेडात पोचायला एक दुपार लागली आणि गुन्हा नोंदवायला सहा दिवस, हिशेब तुम्हीच लावा. सहा आठवड्यांनी पथक त्या डेअरीच्या गावाला जाऊन आलं. घराला कुलूप होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, बिऱ्हाड हललं, सून पोटुशी होती. सून हा शब्द पथकाच्या अहवालात आहे. मी तो बदलून घ्यायला अर्ज दिलाय, अजून उत्तर नाही.

घरकुल रद्द झालं. भिंती चौकटीच्या वर दोन हात जाऊन थांबल्यात. खोटी माहिती दिल्याची नोटीस रत्नव्वाला आली, मलाही आली. माझी बरोबर आहे, मी ती भोगेन. तिची बरोबर आहे असं मला कुणी समजावून सांगावं. दिरानं बोलणं टाकलं. बावीसपैकी काही घरं आता म्हणतात, आमचे पेढे फसवून खायला घातले.

रत्नव्वा खोपटातच राहते. शेडात जाते. रेशन कार्डावर तिनं रक्षिताचं नाव परत घालायला लावलं. अंगठा नसल्यामुळं धान्य एकीचंच मिळतं. “मिळू दे,” म्हणाली. “नाव दिसतंय न्हवं.”

तपास अधिकाऱ्यांनी सांगितलंय, सोमवारी येत जावा. ती दर सोमवारी शेडातली पाळी बुडवून जाते आणि ठाण्याच्या बाकावर बसते. मी हे पंधरा सोमवार बघितलंय. ती एकटी असली की साहेब बंदोबस्तात असतात. आम्ही दोघी असलो की मीटिंगमध्ये असतात. एका सोमवारी शेडातल्या सात कांडीवाल्या खाडा करून आल्या आणि तिच्याबरोबर बसल्या. त्या दिवशी साहेब जाग्यावर होते. डायरी उघडली, परराज्यातल्या पोलिसांना दुसरं पत्र गेलं, केरबाच्या मेव्हणीचा पत्ता निघाला. पुढच्या सोमवारी त्या बायकांना मालकानं सोडलं नाही. डायरी परत कपाटात.

म्हणून हे लिहितेय. तुमची हळहळ मला नको, ती तुमच्याकडंच ठेवा. तुमच्या एका सोमवारातला एक तास द्या. कबनूरच्या स्टॉपवर उतरा, रत्नव्वा कांडीवाली विचारा, कुणीही सांगेल. फोटो काढू नका, तिला धीर देऊ नका, भाषण तर नकोच. सकाळी अकरा वाजता या आणि ठाण्याच्या त्या बाकावर तिच्या शेजारी बसा.